कानाचे छोटे स्नायू: कुठे असतात, कसे शोधायचे आणि कुठे कामी येतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे की डिसेक्शनला (मृतदेहाच्या विच्छेदनाला) कानामागचा एक पट्टा तेवढा दिसला, बाकी कानाचा एकही स्नायू सापडला नाही. टेबलावरच्या सगळ्यांनी ‘व्हेस्टिजिअल (उत्क्रांतीत मागे उरलेले अवशेष) आहेत, सोडून द्या’ म्हणून पान उलटलं. हे स्नायू नेमके किती, कोणत्या नसेचे, हाती कसे लागतात आणि पुढे डॉक्टरकीत त्यांचा काही उपयोग आहे का? शिवाय घरचा एक प्रश्न: धाकट्या बहिणीला सराफ बाजारातून बुगडीसाठी कान टोचून घ्यायचा आहे, त्यात यातला एखादा स्नायू तुटतो का?

प्रत्येक कानाला नऊ स्नायू धरायचे. तीन बाहेरचे, म्हणजे कवटीवरून किंवा डोक्याच्या आवरणातून निघून कानाला येऊन चिकटणारे. सहा आतले, म्हणजे कानाच्या कूर्चेवरच सुरू होऊन कानाच्या कूर्चेवरच संपणारे. नऊच्या नऊ फेशियल नर्व्हचे, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचे, एकही अपवाद नाही. काही ग्रंथांत भोकासमोरच्या ट्रॅगसजवळचे आणखी एक-दोन बारके तंतू वेगळ्या नावाने दिलेले असतात. ते कोणात असतात, कोणात नसतात, म्हणून मोजणीत धरत नाहीत. आणि हो, ‘व्हेस्टिजिअल’ म्हणजे ‘नसलेले’ नव्हे. या स्नायूंचं कान फिरवण्याचं काम संपलं आहे. स्नायू जागेवर आहेत, त्यांची नस चालू आहे, आवाज आला की त्यांच्यात विद्युत हालचालही होते. टेबलावर ते सापडत नाहीत कारण आपण ज्या थरात शोधतो त्याच्या वरच्याच थरात ते असतात आणि चामडीबरोबर निघून जातात.

आधी स्वतःचा कान चाचपून घ्या, नाहीतर पुढची नावं नुसती पाठ होतील. बाहेरची दुमडलेली कड म्हणजे हेलिक्स. ती कानाच्या भोकाच्या वरून, कॉन्काच्या खोलगट भागातून सुरू होते. तो आडवा भाग क्रस. क्रसवरून बोट पुढे नेऊन कड जिथे वर वळते तिथे दाबलंत तर कूर्चेचा एक टोकदार उंचवटा लागतो. हा स्पाइन ऑफ हेलिक्स. या टोकाची ओळख पक्की करा, कारण दोन स्नायूंचा पत्ता त्याच्यावरूनच सांगायचा आहे. हेलिक्सच्या आतल्या बाजूचा दुसरा उंचवटा अँटीहेलिक्स, दोघांमधली लांबट खोबण स्केफा, वर अँटीहेलिक्सच्या दोन फांद्यांमधला खळगा ट्रायअँग्युलर फोसा. भोकासमोरचा झडपेसारखा तुकडा ट्रॅगस, त्याच्या समोरासमोर खाली अँटीट्रॅगस. त्याखाली लोंबणाऱ्या मऊ पाळीत कूर्चा नाही आणि स्नायूही नाही, नुसती चरबी आणि तंतुमय ऊती.

आता कान पुढे ओढून मागची बाजू पाहा. तांब्याच्या ठोक्याच्या भांड्यासारखं, समोरून जिथे खळगा तिथे मागून फुगवटा. कॉन्काचा फुगवटा सर्वांत मोठा, स्केफाचा लांबट, ट्रायअँग्युलर फोसाचा वरचा. मागचे दोन आतले स्नायू या फुगवट्यांच्या मधल्या घळींवर पूल बांधल्यासारखे बसलेले असतात.

बाहेरच्या तिघांत सर्वांत मोठा ऑरिक्युलॅरिस सुपीरिअर. पंख्यासारखा पसरट आणि पातळ. डोक्यावरच्या तंतुमय पडद्यातून, म्हणजे एपिक्रेनिअल अ‍ॅपोन्युरोसिसमधून निघून खाली निमुळता होतो आणि चपट्या टेंडनने कानाच्या मागच्या बाजूला, ट्रायअँग्युलर फोसाच्या फुगवट्यावर लागतो. कान वर उचलणं हे त्याचं काम. ऑरिक्युलॅरिस अँटीरिअर तिघांत लहान आणि फिकट. तोही अ‍ॅपोन्युरोसिसच्या बाजूच्या कडेतून येतो आणि स्पाइन ऑफ हेलिक्सला लागतो. कान पुढे आणि किंचित वर ओढतो. पुष्कळदा तो सुपीरिअरशी इतका मिसळलेला असतो की दोघांमधली रेघ दाखवता येत नाही. जबरदस्तीने दाखवायला जाऊ नका. सलग पडदा दिसला तर सलगच नोंदवा.

ऑरिक्युलॅरिस पोस्टिरिअर हा वेगळ्या घडणीचा. दोन किंवा तीन मांसल जुड्या, मॅस्टॉइडच्या, म्हणजे कानामागच्या उंचवट्याच्या, हाडावरून आखूड टेंडनने निघून जवळजवळ आडव्या पुढे येतात आणि कॉन्काच्या मागच्या फुगवट्यावर लागतात. त्या जागी कूर्चेवर एक उभा कंगोरा असतो, त्याला पाँटिक्युलस म्हणतात. तुमच्या टेबलावर दिसलेला ‘कानामागचा पट्टा’ हाच.

आतल्या सहांपैकी चार बाहेरच्या बाजूला, म्हणजे कानाच्या समोरून दिसणाऱ्या अंगावर. हेलिसिस मेजर ही स्पाइनपासून हेलिक्सच्या पुढच्या कडेने सरळ वर चढणारी अरुंद उभी पट्टी. कड जिथे मागे वळायला लागते तिथे संपते. हेलिसिस मायनर क्रसवर तिरका पसरलेला असतो. ट्रॅगिकस ट्रॅगसच्या बाहेरच्या अंगाला, आखूड, चपटा, उभ्या तंतूंचा. अँटीट्रॅगिकस अँटीट्रॅगसच्या बाहेरच्या भागातून निघून मागे-वर जातो आणि हेलिक्सच्या शेपटीला व अँटीहेलिक्सला लागतो. अँटीट्रॅगस आणि हेलिक्सची शेपटी यांच्यामध्ये कूर्चेत एक फट असते. हा स्नायू त्या फटीवरून जातो, आणि ती फट सापडली की स्नायूही सापडतो.

मागच्या बाजूचे दोन. ट्रान्सव्हर्सस ऑरिक्युली हा कॉन्काच्या फुगवट्यापासून स्केफाच्या फुगवट्यापर्यंत जाणारा. त्याचे तंतू विखुरलेले, थोडे मांसाचे थोडे टेंडनचे. ऑब्लिकस ऑरिक्युली म्हणजे कॉन्काच्या फुगवट्याच्या वरच्या-मागच्या भागातून ट्रायअँग्युलर फोसाच्या फुगवट्याकडे जाणारे मोजके तंतू. सहांत शोधायला सर्वांत अवघड हाच. त्याच्या खालोखाल हेलिसिस मायनर.

नसेचा हिशेब सोपा आहे. कानाच्या पुढचं आणि वरचं सगळं, म्हणजे अँटीरिअर, सुपीरिअर आणि बाहेरच्या अंगाचे आतले स्नायू, फेशियलच्या टेम्पोरल शाखांवर. कानामागचं सगळं, म्हणजे पोस्टिरिअर, ट्रान्सव्हर्सस आणि ऑब्लिकस, पोस्टिरिअर ऑरिक्युलर शाखेवर. ही शाखा स्टायलोमॅस्टॉइड फोरॅमेनमधून (कवटीच्या तळाच्या भोकातून) फेशियल बाहेर पडल्या पडल्या निघणारी पहिली शाखा. मॅस्टॉइड आणि कानाची नळी यांच्यामधून ती वर-मागे जाते, सोबत त्याच नावाची धमनी असते, आणि जाता जाता डोक्याच्या मागच्या ऑक्सिपिटॅलिस स्नायूलाही तंतू देते.

एवढ्याशा कानाला संवेदना मात्र चार-पाच ठिकाणांहून येते आणि इथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. पाळी आणि कानाचा बराचसा खालचा-मागचा भाग ग्रेट ऑरिक्युलरचा, म्हणजे मानेच्या सी २-सी ३ नसांचा. ट्रॅगस आणि हेलिक्सचा पुढचा भाग ऑरिक्युलोटेम्पोरलचा, म्हणजे ट्रायजेमिनलच्या मँडिब्युलर फाट्याचा. मागे वर लेसर ऑक्सिपिटल, कॉन्का आणि नळीत व्हेगसची शाखा, फेशियलचाही थोडा वाटा. म्हणजे ट्रॅगसवरची चामडी पाचव्या नसेची (ट्रायजेमिनल) आणि तिच्या खालचा ट्रॅगिकस सातव्या नसेचा (फेशियल). कारण भ्रूणात आहे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास पहिल्या ब्रँकिअल खाचेभोवती सहा उंचवटे उठतात, तीन पहिल्या कमानीचे, तीन दुसऱ्या कमानीचे, आणि त्यांच्या जुळणीतून कान घडतो. चामडी आणि कूर्चा दोन्ही कमानींची. स्नायू मात्र सगळे दुसऱ्या कमानीचे, आणि दुसरी कमान म्हणजे फेशियल नर्व्ह. चेहऱ्याचे हावभावाचे स्नायू आणि मधल्या कानातला स्टेपीडिअस त्याच घरातले. व्हायवात (तोंडी परीक्षेत) ‘ट्रॅगिकस फेशियलचा का?’ असं विचारलं तर या क्रमाने सांगा. पाठ केलेलं एका ओळीचं उत्तर पुढच्या प्रश्नाला टिकत नाही.

आता शोधायचं कसं. बाहेरच्या स्नायूंसाठी चामडी कापण्याआधी एक साधी युक्ती करा: कान खाली ओढून धरा, सुपीरिअर ताणला जातो आणि त्याच्या जागी बोटाखाली पडदा घट्ट लागतो. कान पुढे ओढून धरा, पोस्टिरिअरची कड उठते. सगळं डिसेक्शन संपेपर्यंत कान असाच ताणून धरायला एक हात मोकळा ठेवा किंवा हेलिक्समधून टाका घालून दोरा ओढून बांधा. सैल स्नायू आणि सैल फॅशिया (तंतुमय पडदा) यांत हाताला फरक कळत नाही.

सुपीरिअर हरवतो तो थरामुळे. डोक्याच्या बाजूला चामडी, तिच्याखाली घट्ट तंतुमय चरबी, मग टेम्पोरोपरायटल फॅशिया, मग सैल जाळीदार थर आणि त्याखाली पांढरी चकचकीत टेम्पोरल फॅशिया. सुपीरिअर आणि अँटीरिअर टेम्पोरोपरायटल फॅशियाच्याच पातळीत असतात. विद्यार्थी पातं पांढऱ्या चकचकीत थरापर्यंत नेतात, कारण तिथे फ्लॅप (चामडीचा उचललेला पापुद्रा) सहज उठतो, आणि मग खाली स्नायू शोधत बसतात. स्नायू तोपर्यंत फ्लॅपच्या आतल्या अंगाला चिकटून वर गेलेला असतो. तुमच्या टेबलावर बहुधा हेच झालं आहे. फ्लॅप अजून ठेवलेला असेल तर उलटा करून त्याची आतली बाजू पाहा. कानाकडे निमुळते होत येणारे फिकट तपकिरी तंतू दिसू शकतात. दुसऱ्या बाजूला करताना कानाच्या वर पाच-सहा सेंटीमीटरवर आडवा छेद घ्या आणि केसांची मुळं दिसत राहतील इतक्या उथळ पातळीत चामडी खाली उठवत आणा. काम संथ होतं, पातं दोनदा बदलावं लागतं, पण स्नायू मागे राहतो. पुढे येताना ट्रॅगससमोर सुपरफिशिअल टेम्पोरल धमनी आणि तिच्या मागे ऑरिक्युलोटेम्पोरल नर्व्ह लागेल. अँटीरिअर त्याच परिसरात, स्पाइनकडे जाणारा.

कानामागे घडीपासून साधारण एक सेंटीमीटर मागे, कानाच्या वळणाला समांतर, फक्त चामडीपुरता छेद घ्या आणि फ्लॅप कानाच्या दिशेने उठवा. मागच्या बाजूची चामडी तुलनेने सैल असते, म्हणून इथून सुरुवात करणं शहाणपणाचं. पोस्टिरिअरच्या जुड्या आडव्या दिसल्या की त्यांच्या खालच्या कडेला नस शोधा. सापडलेली पहिली ठळक नस बहुधा चुकीची असते. ग्रेट ऑरिक्युलर खालून, मानेच्या स्टर्नोमॅस्टॉइड स्नायूवरून, एक्स्टर्नल ज्युग्युलर शिरेच्या समांतर वर येते, जाड असते आणि चामडीत फाटे देते. पोस्टिरिअर ऑरिक्युलर नर्व्ह खोलातून, मॅस्टॉइडच्या पुढच्या अंगाने येते, बारीक असते आणि स्नायूत संपते. नस कुठून आली यापेक्षा कुठे संपली हे पाहा. खात्री त्याने होते.

त्याच फ्लॅपवरून पुढे कानाच्या मागच्या अंगावर जा. कॉन्का आणि स्केफा यांच्या फुगवट्यांमधल्या घळीवर पातं आडवं धरून, धार चामडीकडे ठेवून काम करा, म्हणजे पेरिकाँड्रिअम (कूर्चेचं आवरण) खरवडला जाणार नाही. ट्रान्सव्हर्ससचे तंतू घळीला आडवे जातात. समांतर जाणारं जे काही दिसेल ते स्नायू नाही.

बाहेरच्या अंगाचे चार खरोखर अवघड आहेत, कारण तिथे चामडी पेरिकाँड्रिअमला घट्ट चिकटलेली असते आणि मध्ये चरबी जवळजवळ नाही. विभागाची परवानगी असेल तर कान नळीच्या कूर्चेच्या कडेसह सोडवून घ्या, क्रमांकाची चिठ्ठी बांधा आणि कॉर्कच्या पाटावर टाचण्यांनी ताणून लावा. इन्सुलिनच्या सिरिंजने चामडीखाली अर्धा ते एक मिलिलिटर पाणी हळूहळू सोडा. चामडी फुगून सुटते आणि पात्याला जागा मिळते. १५ नंबरचं पातं, बारीक दाताचा चिमटा, अडीच पट मोठं दाखवणारा लूप. प्रकाश समोरून नको, बाजूने तिरका टाका. त्याने तंतूंच्या सावल्या पडतात आणि दिशा कळते. फॉर्मॅलिनमध्ये स्नायूचा लाल रंग राहत नाही, तो मळकट तपकिरी होतो, म्हणून रंगापेक्षा तंतूंच्या दिशेवर विसंबा. सुरुवात ट्रॅगिकस आणि अँटीट्रॅगिकसपासून करा, मग हेलिसिस मेजर. मायनर शेवटी. मध्ये थांबायचं झालं तर ओलं कापड घाला. पंख्याखाली दहा मिनिटं उघडा राहिलेला कान सुकून चामड्यासारखा होतो आणि पुन्हा भिजवला तरी थर सुटत नाहीत.

एवढं करूनही वयस्कर कॅडॅव्हरमध्ये (मृतदेहात) एखादा स्नायू नुसता तंतुमय पट्टा होऊन राहिलेला असू शकतो. शंका असेल तर दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा हिस्टॉलॉजीला द्या. मॅसन ट्रायक्रोम या रंगवण्याच्या पद्धतीत स्नायू लाल, कोलॅजन निळं किंवा हिरवं, आणि मोठं करून पाहिलं की आडव्या रेघा. वाद तिथे मिटतो.

उपयोगाकडे वळू. डार्विनने १८७१ साली ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये या स्नायूंचा माणसातल्या अवशेषांचं उदाहरण म्हणून उल्लेख केला, आणि तेव्हापासून तीच ओळख चिकटली. जाता जाता, हेलिक्सच्या कडेवर काहींना जो बारीक टोकदार उंचवटा असतो, ज्याला डार्विनचं टोक म्हणतात, तो कूर्चेचा आहे. स्नायूशी त्याचा गोंधळ घालू नका. १९०८ मध्ये न्यूरॉलॉजिस्ट किनिअर विल्सनने नोंदवलं की डोळे पूर्ण एका बाजूला वळवले की काहींच्या कानाची मागची कड किंचित आत वळते. हे ट्रान्सव्हर्ससचं काम. आरशात स्वतःचं पाहता येत नाही, कारण नजरच बाजूला असते. मैत्रिणीला मोबाइलवर कानाचा जवळून व्हिडिओ काढायला सांगा, डोकं स्थिर ठेवा आणि डोळे कोपऱ्यात नेऊन तीन-चार सेकंद धरा. सगळ्यांचं दिसत नाही. २०२० मध्ये जर्मनीतल्या सारलँडच्या संशोधकांनी इलेक्ट्रोड लावून दाखवलं की ज्या बाजूच्या आवाजाकडे लक्ष द्यायचं त्या बाजूच्या कानाच्या स्नायूंत विद्युत हालचाल वाढते. त्याच गटाने २०२५ मध्ये ऐकायला जास्त कष्ट पडतात तेव्हा सुपीरिअर अधिक काम करतो, असंही मांडलं. कान वळत नाही, पण वळवण्याची आज्ञा अजून जाते.

ही आज्ञा प्रत्यक्ष त्रास देते ती बेरा या ऐकण्याच्या टेस्टमध्ये. कानात टिकटिक ऐकवून ब्रेनस्टेमच्या लहरी टिपतात. त्या एक मायक्रोव्होल्टच्याही आतल्या, पहिल्या दहा मिलिसेकंदांतल्या. इलेक्ट्रोड मॅस्टॉइडवर, म्हणजे नेमका ऑरिक्युलॅरिस पोस्टिरिअरवर. तोच टिकटिक ऐकून हा स्नायू साधारण बारा ते पंधरा मिलिसेकंदांना आकुंचन पावतो आणि त्याची लहर कित्येक पट मोठी असते. दहा मिलिसेकंदांनंतरच्या मिडल लेटन्सी (मध्यम उशिराच्या) लहरी त्यात बुडतात, आणि कमी आवाजावर पाचवी लहर उशिरा येते तेव्हा नवख्याला ती कोणती आणि स्नायूची कोणती हे कळत नाही. मान ताठ असेल, उशी उंच असेल किंवा पेशंट डोळे बाजूला वळवून मशीनकडे बघत असेल तर हा प्रकार वाढतो. मान सैल करून आडवं झोपवा, डोळे मिटायला सांगा, तरी लहर राहिली तर इलेक्ट्रोड मॅस्टॉइडवरून कानाच्या पाळीवर घ्या. पाळीत स्नायू नाही, म्हणून ही जागा चालते. झोपलेल्या बाळात ही अडचण कमी येते.

फेशियल पॅरॅलिसिसमध्येही पोस्टिरिअर ऑरिक्युलर शाखेचा तर्क कामाचा. इजा हाडाच्या नळीत असेल तर कानामागचा स्नायूही जातो. इजा पॅरोटिड लाळग्रंथीत, शाखा फुटल्यानंतर असेल, तर चेहरा लुळा पण कानामागचा स्नायू शाबूत. बहुतेकांना कान मुद्दाम हलवता येत नाही, म्हणून हे डोळ्यांनी तपासता येत नाही. सुईचं ईएमजी (स्नायूतल्या विजेची नोंद) लागतं.

सर्जरीत तर हे स्नायू रोज भेटतात. मॅस्टॉइडचं ऑपरेशन करताना कानामागून छेद घेतला की पोस्टिरिअर कापला जातो. बंद करताना तो थर नीट जोडला नाही तर कान पुढे येऊन राहतो किंवा किंचित खाली उतरतो आणि पेशंटला चष्मा लावताना जाणवतं. लहान बाळात मॅस्टॉइडचं टोक वाढलेलं नसतं, फेशियल अगदी वरवर असते, म्हणून छेद खाली ओढत न नेता मागे आडवा न्यावा लागतो. टिम्पॅनोप्लास्टीसाठी (कानाचा पडदा दुरुस्त करायला) टेम्पोरल फॅशिया काढताना वर दिसणारा फिकट पडदा सुपीरिअर असतो. तो बाजूला सारायचा, ग्राफ्ट म्हणून घ्यायचा नाही. बाहेर आलेल्या कानांच्या सर्जरीत कॉन्का मॅस्टॉइडला टाक्यांनी ओढून बसवताना मधल्या जागेतला पोस्टिरिअर आणि चरबी कमी करतात, नाहीतर कान मागे बसायला जागाच राहत नाही. आणि अँटीहेलिक्सची घडी पाडण्यासाठी मागून जे टाके घालतात ते कॉन्का ते स्केफा, म्हणजे बरोब्बर ट्रान्सव्हर्ससच्या दिशेत. जन्मतः वरची कड चामडीखाली दडलेल्या कानात ट्रान्सव्हर्सस आणि ऑब्लिकसची ठेवण बिघडलेली सापडते. बाळाच्या कानाचा आकार असा वेगळा दिसला तर ‘मोठेपणी बघू’ म्हणू नये. आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कूर्चा मऊ असते आणि साच्याने वळवता येते. नंतर ती कडक होते आणि मग सर्जरीच उरते.

कान हलवता येणं हा सरावाचा भाग आहे का, हे पुष्कळ जण विचारतात. काहींना येतं, काहींना शिकता येतं, पण आधी हलतंय काय ते तपासा. भुवया वर केल्या की डोक्यावरची सगळी चामडी सरकते आणि कान तिच्याबरोबर हलतो. कपाळ हाताने दाबून धरा. तरी कान हलला तरच तो कानाच्या स्नायूंनी हलला. दात आवळल्यावर कानाच्या वर जो फुगवटा येतो तो चावण्याच्या टेम्पोरॅलिस स्नायूचा, सुपीरिअरचा नाही. सराव करायचा तर बोट कानाच्या मागे घडीत ठेवा, रुंद हसा, कान मागे ओढला जाताना बोटाखाली पट्टा कडक होतो तो ओळखा, आणि मग हसू कमी करत तेवढाच पट्टा आवळायचा प्रयत्न करा. मान किंवा जबडा दुखायला लागला तर चुकीचा स्नायू वापरला जातोय. कानात आतून टकटक किंवा फडफड ऐकू येत असेल तर तिचा या स्नायूंशी संबंध नाही; ती मधल्या कानाच्या किंवा तोंडातल्या टाळूच्या स्नायूंची असू शकते, ईएनटीला दाखवा.

आता बुगडी. कुडी किंवा डूल पाळीत, तिथे स्नायूच नाही. बुगडी वरच्या हेलिक्सवर, पुरुषांची भिकबाळीही तशीच वर. त्या भागात जवळचा स्नायू म्हणजे हेलिसिस मेजर, आणि तो कड मागे वळते तिथेच संपतो. बुगडीचं भोक बहुधा त्याच्या मागे पडतं. अगदी पुढे टोचलं आणि दोन-चार तंतू गेले तरी काहीही बिघडणार नाही. भीती कूर्चेची आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, ती पेरिकाँड्रिअमवर जगते. तिथे पू झाला की पेरिकाँड्रिअम सुटतो, कूर्चा मरते आणि कान चुरगळून राहतो.

म्हणून टोचणाऱ्याकडे एकदा वापरून टाकायची निर्जंतुक सुई आहे का पाहा, हातमोजे बघा. कान टोचायची गन वरच्या कानाला वापरू देऊ नका. तिचा झटका कूर्चा फोडतो आणि पेरिकाँड्रिअम सोलतो. घट्ट फिरकी नको, सुजेला जागा लागते. घरात कोणाला टोचलेल्या जागी गाठ वाढण्याची सवय असेल तर वरचा कान टोचूच नका. पाळी दीड-दोन महिन्यांत भरते, वरच्या कडेला सहा महिने किंवा त्याहून जास्त धरून चला. तोवर दिवसातून दोनदा नॉर्मल सलाइनने पुसणं पुरे. तेल-हळद भोकात भरू नका. दागिना सतत फिरवू नका. या काळात रामकुंडातली डुबकी आणि पोहण्याचा तलावही नको, कारण इथे पू करणारा नेहमीचा जंतू स्यूडोमोनास आहे आणि तो ओल्या जागी फोफावतो.

बहिणीला एक खूण नीट सांगून ठेवा. वरचा कान लाल, गरम, सुजलेला, हात लावू देत नाही इतका दुखतोय आणि खालची पाळी मात्र अगदी नेहमीसारखी आहे, तर आजार कूर्चेच्या आवरणाचा आहे, कारण पाळीत कूर्चा नाही. पाळीही सुजली असेल तर चामडीपुरता असण्याची शक्यता जास्त. पहिल्या प्रकारात औषधाच्या दुकानातून आणलेली नेहमीची अ‍ॅमॉक्सिसिलिनची गोळी स्यूडोमोनासवर चालत नाही. त्याच दिवशी ईएनटीकडे जायचं, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं योग्य औषध वेळेत सुरू होईल आणि पू साचला असेल तर तो लगेच काढता येईल.